सोनाराकडचा साबण

आमच्या सोनाराच्या काउंटरवर जूनपासून साबणाची वडी आणि पाण्याची वाटी असते. "ॲडमिशनचा सीझन आहे ना, मॅडम," असं तो मागे एकदा हसत म्हणाला होता. लग्नात चढवलेल्या पाटल्या वीस वर्षांनी सहजासहजी निघत नाहीत. रांधून-धुऊन हात जाड झालेले असतात.

परवा मी साखळीचा फासा दुरुस्त करायला गेले, तर एक बाई पाटल्या मोडायला आली होती. मनगटाला फेस लावून ओढत होती. शेजारी तिची मुलगी.

"आई, राहू दे गं. दुखतंय तुला."

"गप्प बस. निघतेच आहे."

पाटली निघाली. बाईने ती पदराने पुसून, लखलखीत करून सोनारापुढे ठेवली.

फीच्या पावतीवर आम्ही किती सभ्य शब्द छापतो! विकास निधी, प्रयोगशाळा शुल्क, आणि शेवटी नुसतं 'इतर'. त्या 'इतर'मध्ये काय काय येतं, ते इथे दिसतं. शिक्षणाने मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते, हे भाषण दरवर्षी मीच करते.

मुलीने वळून पाहिलं. "आई, या कॉलेजच्या मॅडम. काल माझे कागद यांनीच तपासले."

खरंच होतं. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत फी आली नाही तर जागा जाईल, हेही मीच बजावलं होतं.

बाई गडबडली. फेसाचेच हात जोडून म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे, मॅडम."