शिंप्याची गॅलरी

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्याच दिवसापासून घरातले सगळे तिला 'इंजिनिअरबाई' म्हणू लागले. बाबा शिंपी. खाली दुकान, वर घर. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावता लावता ते हमखास सांगायचे, "आमची मुलगी पूल बांधणार आहे." गिऱ्हाईक बिचारं टेपमध्ये अडकलेलं, ऐकून घेण्यावाचून करणार काय!

दिवसभर मान मोडून शिवल्यावर बाबांची एकच चैन होती. संध्याकाळी वरच्या गॅलरीत खुर्ची टाकायची, पाय कठड्याला लावायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्यांचे कपडे निरखायचे. "याचा खांदा उतरलाय बघ," असं स्वतःशीच पुटपुटायचे. घर बांधताना ही गॅलरी त्यांनी हट्टानं काढून घेतली होती.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात भिंतीबाहेर आलेल्या स्लॅबचा धडा झाला. अशा स्लॅबला ताण वरच्या अंगाला बसतो, म्हणून सळ्या वर हव्यात. काम चालू असताना त्या मजुरांच्या पायांनी खाली दबल्या, तर गॅलरी एक दिवस न सांगता खाली येते. सरांनी पडलेल्या गॅलऱ्यांचे फोटोही दाखवले. झालं! सुट्टीत घरी आल्या आल्या बाईसाहेबांना आपल्याच गॅलरीत, भिंतीलगत, वरच्या अंगाला भेग दिसली. तिला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. पुढे तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती याच आनंदाची.

"बाबा, ही कधीही पडेल. पाडून टाका."

"अगं, आधी तुझ्या सरांना विचार तरी," आई म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? पुस्तकात आहे!"

बाबा भेगेवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "तू सांगतेस म्हणजे पाडायलाच हवी."

ती कॉलेजला परतली आणि इकडे बाबांनी गॅलरी पाडून घेतली.

शेवटच्या वर्षी प्रशिक्षणासाठी ती जुन्या इमारती तपासणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली लागली. पहिल्याच इमारतीत छताला भेग दिसली तशी ही ठासून म्हणाली, "धोकादायक आहे." बाईंनी छिन्नी घेतली आणि भेगेभोवतीचं प्लास्टर उडवलं. आत काँक्रीट जसंच्या तसं, अखंड.

"भेग दिसली की आधी उकरून बघायचं," बाई म्हणाल्या. "नुसतं प्लास्टर तडकलं म्हणून कुणी घर पाडतं का?"

बरोबरचे सगळे हसले. तिला मात्र घरची गॅलरी आठवली.

सुट्टी मिळताच ती घरी गेली. गॅलरीच्या दारात आता आडव्या फळ्या ठोकल्या होत्या आणि बाबांची खुर्ची फळ्यांच्या आत सरकली होती. खुर्चीतून रस्ता दिसत नव्हता, समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. तिनं फळ्यांवरून वाकून पाहिलं. तुटक्या काठातून कापलेल्या सळ्यांची टोकं डोकावत होती. सगळ्या वरच्या अंगाला, जिथे हव्यात तिथेच. काँक्रीटही घट्ट. त्या दिवशी छिन्नीचे चार घाव घातले असते, तर बाबा आज बाहेर बसलेले असते.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "सगळ्यांना सांगतो मी, पोरीनं वेळेवर ओळखलं म्हणून वाचलो."

खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं. बाबांचा फुललेला चेहरा पाहिला आणि ते मिटून घेतलं.

"आता तुझं शिक्षणही होत आलं," बाबा जरा संकोचत म्हणाले. "नवी काढता येईल का गं? छोटीशी. खुर्ची मावली की झालं."

ती सळ्यांकडे बघत राहिली. आतला स्लॅब ओतताना गॅलरी त्याच्याबरोबरच निघते; मागाहून तिला छाटलेल्या सळ्यांवर लटकवता येत नाही. खालून खांब घ्यावे लागले असते आणि खाली रस्ता होता. या वेळी तिनं घरी येण्याआधीच बाईंना हे सगळं विचारून घेतलं होतं.

"नाही होणार, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. "तू सांगतेस म्हणजे नसेलच होत."