रस्त्याकडची हिरवी पट्टी

सोयाबीन निघालं की आमच्या वावरात गहू पेरतात, आणि त्याला युरिया किती द्यायचा हे मामाजी, म्हणजे माझे सासरे, ठरवतात. त्या वर्षी मी शेतीच्या प्रशिक्षणाला जाऊन आले आणि ऐटीत जाहीर केलं, की बियाण्याला जिवाणू लावले तर ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, युरिया निम्मा पुरतो. मामाजींनी अनसिंगच्या रस्त्यालगतचे दोन एकर माझ्या स्वाधीन केले.

"जमलं तं पुढच्या साली सारं वावर तुया मतानं पेरू. नाही तं पुन्हा नाव काहाडू नोको."

मला तेवढंच हवं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण पेरणीत माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

गुळाच्या पाण्यात जिवाणूंची पाकिटं कालवून बियाण्याला चोळली. 'सावलीत सुकवा' हे पाकिटावरचं वाक्य घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि मग तेच बियाणं उचलून गच्चीवर, भर उन्हात पसरलं! पेरणीआधी बियाण्याला ऊन दाखवायचं ही आमच्याकडची रीत; हात सवयीनं तिकडेच गेले. संध्याकाळी गोळा करताना चूक लक्षात आली. पण कुणाला सांगितलं नाही; तसंच पेरलं, आणि युरियाही ठरल्याप्रमाणे निम्माच दिला.

जानेवारीत मात्र रस्त्यावरून माझा गहू डोळ्यांत भरत होता. येणारे-जाणारे मोटारसायकल थांबवून विचारायचे आणि मी जिवाणूंवर भाषण ठोकायचे. स्वतःवर भलतीच खूश होते.

मग प्रशिक्षणातल्या मॅडमनी उपग्रहाचा नकाशा फोनवर पाठवला. पीक जोमदार तिथे गडद हिरवा रंग, अशक्त तिथे पिवळा. मामाजींचा भाग गडद होता. माझे दोन एकर पिवळे, फक्त रस्त्याकडेला एक सरळ हिरवी पट्टी. जिवाणू काही दोरी लावून वाढत नाहीत.

मी फोन घेऊन बांधावर गेले. "मामाजी, हे पट्टी कायची?"

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "वरून इतकं दिसते काय?" मग म्हणाले, "मीनंच फेकला युरिया. सारं गाव त्या रस्त्यानं जाते. लोक तुले हासले असते."

आधी मला रागच आला. मग माझीच लाज वाटली.

"मीनंच बियाणं उनात टाकलं होतं, मामाजी. हरले मी."

"ठाऊक हाये. गच्चीवर पाह्यलं होतं मी. सावलीत सुकवा म्हून तुनंच तं वाचून दाखोलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुया हुरूप मोडला असता." त्यांनी फोन परत दिला. "अन् हरली कायची? जिवाणू तं गच्चीवरच मेले. पाह्यलंच कुठं आपुन त्याईले?"

पुढच्या पेरणीला मामाजींनी सगळ्या वावराचं बियाणं माझ्यापुढे आणून ठेवलं; मी त्याला जिवाणू चोळले आणि ते गोठ्याच्या सावलीत ताडपत्रीवर पसरलं. मामाजी शेजारी बाज टाकून बसले. गोठ्याच्या पत्र्यातल्या भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा जसा सरकत होता, तशी ते ताडपत्री मागे ओढत होते.