बारदानाची शिस्त

"आठ दिस देतो. घरात परत घाण दिसली की कुत्रं जतला माघारी," असं मामंजींनी फर्मान काढलं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. नवरा तिकडं सीमेवर, तासगावच्या या घरात आम्ही दोघंच, आणि मामंजी दिवसाला मोजून दहा शब्द बोलणार. गेल्या सुट्टीत नवऱ्यानं जतच्या एका मेंढपाळाकडून पिल्लू आणून दिलं, तेव्हापासून मला बोलायला कुणीतरी होतं. ते गेलं असतं तर मी भिंतींशी बोलत बसले असते, खरंच सांगते.

मग मीही हट्टाला पेटले. पोतं उसवून एक बारदान काढलं, त्यावर पिल्लाच्याच मुताचा वास लावला आणि मागच्या दारात टाकलं. पिल्लू हुंगायला लागलं की उचलून त्यावर ठेवायचं, केलं की भाकरीचा तुकडा द्यायचा. रोज बारदान चार-पाच पावलं लांब सरकवायचं. चौथ्या दिवशी ते कुंपणापर्यंत पोचलं आणि पिल्लूही बरोबर तिथं जायला लागलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण पाचव्या दिवशी सकाळी मामंजींच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये ओलं दिसलं. मामंजी काठी टेकून उभे. "बघ, तुझ्या कुत्र्यानं काय केलंय." सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशीही तेच. माझं डोकंच फिरलं. पिल्लाचं नाक फरशीवर दाबलं, केरसुणीचे दोन फटके दिले. ते कोपऱ्यात जाऊन नुसतं बघत राहिलं. मामंजींनी मेंढपाळाला फोन करून उद्या सकाळीच बोलावलं.

त्या संध्याकाळी मामंजी देवळात गेले, तेव्हा मी पिल्लाला उचललं आणि अंगणापलीकडच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवलं. हंगाम संपलेला, शेड रिकामी, झाडून लख्ख. कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. निदान आजची रात्र तरी पॅसेज कोरडा राहील, एवढाच विचार.

सकाळी उठले तर पॅसेज ओला.

"परत केलं बघ," मामंजी म्हणाले. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी कमरेला हात लावला. किल्ली होती. अंगणात दोरीवर मामंजींचा लेंगा टपटप गळत होता. गेले चार दिवस मामंजी आपला लेंगा आपणच धूत होते, माझ्या उठायच्या आधी. आणि मला, बावळटीला, वाटत होतं फौजेची सवय! ते फटके मी कुणाच्या वाटचे कुणाला दिले होते?

इतक्यात मेंढपाळ दारात आला. "आवं, कुटं हाय कुत्रं?"

मी मुकाट्यानं शेडकडं गेले. मी कुलूप काढत होते आणि मामंजी पायरीवर उभे राहून बघत होते. दार उघडलं तसं पिल्लू सुसाट सुटलं, अंगण ओलांडून थेट कुंपणाजवळच्या बारदानावर जाऊन बसलं.

मेंढपाळ हसायला लागला. "आवं, ह्ये तर शिकलंय की! घाण करतंय म्हणून कोण म्हणतंय?"

मामंजींची नजर माझ्या हातातल्या कुलपावर. एक वाक्य माझ्या जिभेवर आलेलं. बोलले असते तर कुत्रं माझं झालं असतं, कायमचं. राग तर असा आलेला की काय सांगू. पण त्यांची काठी धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"माझ्याच हातनं पाणी सांडलं, मामंजी," मी म्हणाले. "उगाच मुक्या जनावरावर आळ आला."

मामंजींची काठीवरची पकड सैल झाली. मग ते मेंढपाळाला म्हणाले, "ऱ्हाऊ दे कुत्रं. चा घे आन् जा."

तो गेल्यावर मी कपबशा विसळत होते. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले, आत पाऊल न टाकता उभे राहिले.

"सूनबाय," ते जमिनीकडं बघत म्हणाले, "येक बारदान माज्या खोलीफुडं बी टाक."

मी टाकलं. रोज सकाळी दोन्ही बारदानं धुऊन कुंपणावर वाळत घालते. कुणी विचारलंच, तर दोन्ही कुत्र्याची म्हणून सांगते.