खंडेनवमीची परीक्षा

आमचे अप्पा, शंभूराव, म्हैसूर स्टेशनात गाडीच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकत. खणखणीत आला तर चाक धड, बद्द आला तर तडा. मोठ्या दुष्काळात बंगळूरकडून रूळ पडू लागले, तेव्हा पणजोबांनी फौजेतली तलवार खुंटीला टांगून मातीच्या पाट्या उचलल्या. तेव्हापासून घरात रेल्वेचीच चाकरी.

एकावन्न साली संस्थानची रेल्वे सरकारच्या मोठ्या रेल्वेत गेली. शाळेचा दाखला नसलेल्यांची नव्या साहेबांनी परीक्षा ठरवली. नापास होईल त्याची हातोडी जाणार, त्याने इंजिनाची राख उपसायची. अप्पा शाळेची पायरी चढलेले नव्हते. त्यात परीक्षा नेमकी खंडेनवमीला! तारीख ठरवणाऱ्याच्या अकलेला दंडवत.

त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेला बसतात, दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. तलवारीशेजारी हातोडीही कुंकू लावून बसली होती.

"सुम्ने, उगाच हट्ट नको, घेऊन जावा!" आई, सुमित्राबाई, कळवळून म्हणाली. "राख उपसायची पाळी येईल!"

"येऊ दे," म्हणत अप्पा रिकाम्या हातांनी गेले. हट्टात आमचं घराणं कुणाला हार जायचं नाही.

"एनरी, काय हो, हातोडी कुठंय?" परीक्षा घेणारे नरसिंहमूर्ती साहेब कडाडले.

"पूजेत आहे, स्वामी. आज मुट्टायचं नाही, हात लावायचा नाही."

"मग नापास लिहू?" साहेबांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा! सकाळी त्यांच्या बायकोने पेन सरस्वतीपुढे ठेवलं होतं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, तर त्याचंही पेन पूजेतच. साहेबांना हसू आवरेना. "उद्या या," ते म्हणाले.

दसऱ्याला अप्पा हातोडी घेऊन डब्यामागून डबा ठोकत निघाले. एका चाकाशी थांबले, पुन्हा ठोकलं. "हा डबा जोडू नका." साहेबांनी वंगण पुसायला लावलं, तर खाली केसाएवढा तडा. साहेब घामाघूम झाले, कारण तासाभरात त्याच डब्यात माणसं बसणार होती.

"हे कुठे शिकलात?"

"आजोबांनी रूळ टाकले, वडिलांनी चाकं ठोकली. त्यांच्यामागून हिंडत शिकलो."

साहेबांनी फॉर्म भरला. अप्पांना वाचता येईना, म्हणून कारकुनाने वाचून दाखवलं. पास. हातोडी कायम. आणि शिक्षणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, 'तीन पिढ्या'.

अप्पा फलाटावरच रडले.