घराच्या पोटातली चाकं

ऑक्टोबर सरत आला तरी बर्फ पडला नव्हता. नुसती कोरडी, हाडांत शिरणारी थंडी. बोअरवेलपासून ट्रेलरपर्यंत आलेला पाण्याचा पाइप रात्रीत गोठला होता, आणि व्हर्ना हाल्व्हर्सन उकिडवी बसून त्यावर हेअर ड्रायर फिरवत होती. अमेरिकेतल्या आयडाहोच्या या डोंगरात तिने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाली, गावातलं घर विकलं, ही पाच एकर जमीन घेतली. दीड वर्ष झालं, ती ट्रेलरमध्ये, गाडीला जोडून ओढता येणाऱ्या घरात, राहतेय आणि समोर स्वतःच्या हातांनी घर बांधतेय. छप्पर तेवढं राहिलंय.

शेजारचा ऑर्व्ह टिबेट्स पिकअपमधून उतरला तो ओरडतच. "अगं व्हर्ना, तो काउंटीचा बांधकाम तपासणारा इन्स्पेक्टर माझ्याकडे येऊन गेला! गुरुवारी नाही, आजच येतोय. दहाला."

पावणेनऊ वाजले होते. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, नियम साधा होता: घर पुरं होईपर्यंत ट्रेलरमध्ये खुशाल राहा, पण तो चाकांवर हवा, ओढला की हलायला हवा. नाहीतर दहा दिवसांत जागा सोडा. हिवाळ्याच्या तोंडावर जायचं कुठं?

"चाकं कुठायत याची?" ट्रेलर लाकडी ठोकळ्यांवर बघून ऑर्व्हने विचारलं.

"काढून ठेवली. उन्हानं टायर तडकायला लागले होते."

"ते कळलं. ठेवलीस कुठं?"

व्हर्नाने ड्रायर बंद केला. घराकडे बघितलं. "घराच्या पायाच्या आत. सावलीत राहतील म्हणून. आणि मग वरून जमिनीचा प्लाय ठोकला."

"सगळा?"

"सगळा. गोंद लावून."

"खाली उतरायला वाट?"

"नंतर कापू म्हटलं होतं."

ऑर्व्ह पोट धरून हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने बाह्या सरसावल्या. "करवत आण, बाई. हसतो नंतर."

खिळ्यांच्या रांगा बघून व्हर्नाने दोन तुळयांमधली जागा हेरली. विजेच्या करवतीचं पातं प्लायपुरतंच खाली सोडलं. हात जरा ढळला असता तर तुळई कापली गेली असती, आणि महिन्याभराचं काम वाया. भुसा उडाला, तुकडा खाली कोसळला. फट लांब होती, पण रुंदी कशीबशी दीड वीत.

"माझी मांडीसुद्धा जायची नाही यातून," ऑर्व्ह म्हणाला.

"तुला कोण सांगतंय?" तिने जॅकेट काढलं, श्वास सोडून छाती चपटी केली आणि पाय खाली घातले. बरगड्यांशी अडकली. क्षणभर ना वर, ना खाली. मग स्वेटर फाटल्याचा आवाज आला आणि ती अंधारात उतरली.

खाली बसूनच वावरायचं. चाकं जड, थंड, कोळिष्टकांनी माखलेली. एकेक चाक उभं करून ती फटीतून वर ढकलायची, वरून ऑर्व्ह ओढायचा, शिव्या घालायचा. चौथं निघालं तशी तीही फटीतून वर चढली.

दोन चाकं बसली, तिसऱ्याचे नट आवळत असताना काउंटीची गाडी वळली. इन्स्पेक्टर प्रुइट तरुण, तोंडावरची रेष न हलणारा.

"साहेब, कॉफी?" ऑर्व्हने वेळ काढायचा प्रयत्न केला.

"नको. ओढा."

"एक चाक राहिलंय," व्हर्ना म्हणाली.

प्रुइटने घड्याळ बघितलं. "थांबतो."

चौथं चाक बसलं, हवा भरली, ठोकळे निघाले. ऑर्व्हने पिकअप जोडून गिअर टाकला. साखळी ताणली. ट्रेलर कण्हला, हलेना. व्हर्ना पुढं धावली. "दमानं, ऑर्व्ह! झटका नको!" पुन्हा गिअर. कुठंतरी गंज मोडल्याचा कडाका झाला, आत ताटल्या खळखळल्या, आणि ट्रेलर हातभर पुढं गेला. मग आणखी दोन हात.

प्रुइटने परवानगीच्या कागदावर सही करून तो व्हर्नाला दिला. मग घरात शिरला आणि फटीपाशी थांबला.

"हे काय?"

"खाली उतरायची वाट."

त्याने टेप लावली. "चौदा इंच. अठरा लागतात. छपराच्या तपासणीआधी मोठी करा."

"साहेब, माझ्या मापाची करायला सांगा ना," ऑर्व्ह म्हणाला. प्रुइटच्या ओठाची कड हलली, एवढंच.

गाडी गेली. व्हर्ना पायरीवर टेकली, सहीचा कागद दोनदा वाचून खिशात घातला. ट्रेलरच्या संडासाची टाकी कालपासून भरली होती. तिने रबरी हातमोजे चढवले आणि ती रिकामी करायची नळी ओढायला उठली.