सेन्सरच्या काचेवरचे कुंकू

संत्र्याच्या शरबताची ती घटना आजही मला अस्वस्थ करते. दसरा होऊन काही दिवस झाले होते. सोनाळ्याजवळील एका शरबत कारखान्याच्या मालकांनी मी ठाणेदार असलेल्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला. त्यांच्या बाटल्या आंबून फुगत होत्या आणि तपासणीत साखर कमी निघाली होती.

कारखान्यात पाकाची घनता प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारा सेन्सर होता. त्याची काच पाकात बुडलेली असे. पाक दाट असल्याचे दिसले की यंत्र आपोआप पाणी सोडी. त्याचा आकडा मात्र रोज बरोबर येत होता.

"मशीन खोटं बोलत नाही, साहेब. पाणी मशीननंतरच पडलं," मालक म्हणाले.

मशीननंतर पाक एकाच ऑपरेटरच्या हाती जाई. तो पाक चोरून तेवढे पाणी घालत असावा, असा संशय होता; त्यातच तो रोज सायकलवर कॅन नेतो, अशी खबर आली. हवालदाराने त्याला कॅनसह आणले.

"काऊन बे, पाक इकून राह्यला काय?"

"चाखून पाहा ना, हवालदार साहेब! प्यायचं पानी हाय. आमच्या नळाले पंधरा दिवसांतून एकडाव येते."

हवालदाराने चाखले. पाणीच होते. तरीही माझा विश्वास आकड्यावरच होता, हे मी कबूल करतो. सायंकाळपर्यंत अटकेचा निर्णय घ्यायचा होता.

"बारा वर्सं काम केलं, साहेब. चोर म्हनून घरी कसा जाऊ?" तो म्हणाला.

त्या वाक्यानंतर मी चौकशी पहिल्यापासून सुरू केली. दसऱ्याला काय वेगळे घडले, एवढेच विचारले.

"मी दीक्षाभूमीले गेलो होतो, नागपूरले. दरसाली खंडेनवमीच्या यंत्रपूजेले इथंच राहतो." तो मध्येच थांबला. "साहेब, मालक सेन्सर काढून पाटावर मांडतेत, तेलात कालवलेलं कुंकू लावतेत. मागून मी काच पुसून घेतो, गुपचूप. पूजेचं कुंकू पुसलं म्हनून त्याईले वाईट वाटू नये. यंदा पुसाले कोनी नव्हतं. मलेबी हे आत्ताच ध्यानात आलं."

आम्ही तडक कारखान्यात गेलो. पंचांसमक्ष सेन्सर काढला. काचेवर तेलकट, लाल थर होता. त्या थरामुळे पातळ पाकही दाट दिसत होता आणि यंत्र पाणी सोडत होते. काच साबणाने धुऊन सेन्सर पुन्हा बसवताच आकडा खाली उतरला.

"म्हणजे पाणी मीच घातलं?" मालक पुटपुटले. मग ते ऑपरेटरकडे वळले. "उद्या कामावर ये, बाबा."

"येतो, मालक. पन पुढच्या साली काच तुमच्यासमोर पुसन."

मालकांनी मान डोलावली. मी अर्ज निकाली काढला. त्यानंतर पुराव्यात एखाद्या यंत्राचा आकडा आला, की तो वाचण्याआधी मी एकच विचारत असे : याची काच रोज कोण पुसतो? त्या माणसाला आधी बोलवा.