मास्तरांच्या झोपेचे तुकडे

कटिंग मास्तर पिऊन कामावर जातात, ही बातमी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला जिनासुद्धा लागला नाही. पुरावे तयारच होते. डोळे लाल, चाल संथ, आणि दुपारच्या जेवणानंतर कापडाच्या ठाणांवर मान टाकून बसलेले मास्तर तर तिघांनी पाहिलेले. खरी गोष्ट एवढीच, की मास्तरांना खोकल्याच्या औषधानेसुद्धा गरगरतं. त्यांना चढत होती ती झोप. तीही घरी नऊ तास झोपून उठल्यावर.

शर्टांच्या कारखान्यात मास्तर बावीस वर्षं कापताहेत. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि विजेच्या सुरीने चाळीस शर्ट एका दमात कापायचे. म्हणजे हात चुकला तर एक शर्ट जात नाही, चाळीस जातात. एका मंगळवारी ते झालं. डाव्या बाहीचा साचा आखला की तो उलटा करून उजवी आखायची असते. मास्तरांनी तो उलटा केलाच नाही. माल शिवणाऱ्या बायकांकडे गेला तेव्हा चाळीस शर्टांना ऐंशी बाह्या, आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या. बायका पोट धरून हसल्या. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांना बाह्यांपेक्षा मास्तरांच्या बोटांची काळजी होती, कारण सुरीला कापड आणि बोट सारखंच. त्यांनी मास्तरांना टेबलावरून उठवलं, बटणं निवडायला बसवलं आणि बजावलं, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही.

ज्या माणसाला अख्खा कारखाना अदबीने 'मास्तर' म्हणतो, त्याने दिवसभर चार भोकांची आणि दोन भोकांची बटणं वेगळी करायची. मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं.

त्यावर त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. नऊ तास पुरत नाहीत ना, मग दहा झोपू. आठच्या ठोक्याला घरातले दिवे बंद. झोपेचा त्यांना अभिमानही केवढा! आपल्याला स्वप्न म्हणून कधी पडत नाही, असं ते पाहुण्यांना बक्षीस मिळाल्यासारखं सांगत. बायकोचाही दुजोरा असायचा. मास्तर असे घोरायचे की स्वयंपाकघरातली ताटं एकमेकांशी बोलायला लागायची, आणि घोरणं म्हणजे गाढ झोप हे घरात ठरलेलंच. ती बिचारी कानात कापसाचे बोळे घालून दुसऱ्या खोलीत झोपायची. अधूनमधून घोरणं एकदम बंद पडायचं. तेवढ्या शांततेत ती पटकन डोळा लावून घ्यायची.

दहा तासांनीही डोळे उघडेनात, तेव्हा बायकोने मास्तरांना झोपेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं आणि ही शांततेची गोष्ट हसत हसत सांगितली. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"त्या वेळी ते श्वास घेत नव्हते," त्या म्हणाल्या.

बायकोचं हसू गेलं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं, असं मास्तर आजही सांगतात.

मग दवाखान्यात डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून मास्तर एक रात्र झोपले. सकाळी डॉक्टरबाईंनी आलेख पुढे ठेवला. झोप एकसारखी नसते, त्यांनी सांगितलं. आधी हलकी, मग गाढ, त्यात शरीराची डागडुजी होते, आणि मग स्वप्नांची. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा रात्रभर चार-पाच. पहाटेकडे स्वप्नांचा वाटा वाढतो. स्वप्नाच्या वेळी अंग सैल पडतं, त्यात घसाही आला, म्हणून मास्तरांचा श्वास तिथेच सगळ्यात जास्त अडकत होता. तासाला चौतीस वेळा मेंदू त्यांना ढोसून जागं करायचा आणि सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवायचं नाही. स्वप्नं सगळ्यांना पडतात, ती न आठवणं म्हणजे झोप चांगली, असं मुळीच नाही.

मास्तरांनी कापड मोजावं तशी त्या आलेखावर वीत ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे नऊ मीटर कापड आहे, पण सगळं वीत-वीतभर तुकड्यांत. त्यात शर्ट बसणार कसा?"

यापुढे सगळ्या पेशंटना असंच समजावीन, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

नाकावर लावायचं हवेचं यंत्र घरी आलं. पहिल्या रात्री मास्तरांनी ते उपटून फेकलं. दुसऱ्या रात्री बायको म्हणाली, हत्तीचं पिल्लू दिसताय, पण लावा. सहाव्या सकाळी मास्तर पलंगावर बसून एकटेच हसत होते. स्वप्न पडलं होतं! निळं कापड अंथरताहेत, ते संपतच नाही, दारातून बाहेर पडून जिना उतरतंय आणि अख्खी इमारत त्याला वाट करून देतेय. हे स्वप्न त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, समोरच्या बिऱ्हाडात तर दोनदा. बायको आपल्या जागी परत आली खरी, पण आता तिचीच झोप उडाली. घरात इतकी शांतता, की ती दर थोड्या वेळाने उठून मास्तरांची छाती हलते आहे ना, ते बघायची. तिला निर्धास्त व्हायला आणखी पंधरा दिवस लागले.

सव्वा महिन्याने मास्तर डॉक्टरचा कागद घेऊन मालकीणबाईंपुढे उभे राहिले. बाईंनी कागद वाचला आणि चाळीस थर अंथरायला लावले. मास्तरांनी सुरी सुरू केली. कॉलरच्या अवघड वळणावर शिवणाऱ्या बायकांनी आपापली मशिनं थांबवली. सुरी वळली, सरळ झाली, बाहेर आली. मालकीणबाईंनी सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची कॉलर एकमेकींवर ठेवून पाहिली, दोन्ही तंतोतंत जुळल्या. "उद्यापासून बसा टेबलावर," त्या म्हणाल्या. तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, "पण मास्तर, पुन्हा डुलकी लागली तर?"

मास्तर म्हणाले, "सुरी हातात असताना लागली तर त्याच पावली घरी पाठवा, बाई. पण दर सोमवारी तुम्ही आम्हाला तासभर उभं करून शिस्त समजावता, तेव्हा लागली तर माझ्या घशाला दोष देऊ नका."